रूट कॅनॉलनंतरचा ठणका
शापोरा व मांडवी ओलांडून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाताच्या मुळाचा उपचार करवून कोरगावला परतलेल्या रोग्यास रात्री ठणका लागला, की घरचे लवंग पुढे करतात. परंतु दातातील नस तर काढलेली असते. दुखतो तो मुळाच्या टोकाभोवतालचा सुजलेला भाग. लवंगेचा गुण तेथवर पोहोचत नाही. सूज उतरविणारी आयब्युप्रोफेनची गोळी दंतवैद्याने सांगितलेल्या वेळी, जेवणानंतर घ्यावी. ठणका असह्य होण्याची वाट पाहू नये. जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी ती टाळावी. त्यांना पॅरासिटामॉल बहुधा चालते. मात्र तेही प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमहून अधिक घेऊ नये. प्रतिजैविके वेदनाशामक नव्हेत. दोन-तीन दिवसांत ठणका बहुधा ओसरतो. गाल सुजला वा ताप आला, तर गोळ्या न वाढविता दंतवैद्याकडे जावे.