टॅपेटची टकटक

जबलपूरच्या गोरखपूर भागातून एखादी जुनी जोंगा गेली, की तिच्या इंजिनाची टकटक कानांवर येते. ही गाडी याच शहरात जन्मली. तिचे नावही येथील लष्करी कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. तिचे उत्पादन 1999 मध्ये थांबले. तिच्या सहा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात बारा झडपा असतात.

झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. तापलेला धातू प्रसरण पावतो. फट नसेल, तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाही. झडपेची उष्णता मुख्यतः त्या टेकण्यातूनच बाहेर जाते. ते चुकले, की तप्त वायू कडेने निसटतात आणि जळका वायू बाहेर सोडणारी झडप स्वतःच जळू लागते. म्हणून आवाजाला कंटाळून फट बुजविणारा मालक इंजिनाचा घात करतो. फट वाढली तर आवाज होतो व शक्ती थोडी घटते. ती नाहीशी झाली, तर आवाज न होताच नुकसान होते.

सहाव्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा एकदम हलताना दिसल्या, की पहिल्याच्या दोन्ही मिटलेल्या असतात. तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीची फीलर गेजची पाती फटीत घालावी; ती किंचित अडखळत सरकावी. इंजिन गरम असावे की थंड, हेही पुस्तिकेतच पाहावे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे.

एवढे करूनही थोडी टकटक उरते. ती उरू द्यावी.