सागाचा तांबेरा

गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सागावरही तांबेरा पडतो हे मात्र, पुसदसारख्या सागाच्या मुलुखात राहूनही, थोड्यांनाच ठाऊक असेल. अशा रोगट पानाच्या पाठीवरून बोट फिरवले, की नारिंगी पूड लागते. ती एका बुरशीची बीजे होत. वारा ती दूरवर नेतो. रोपवाटिकेतील रोपांची पाने त्यामुळे अकाली गळतात, वाढ खुंटते. थोराड झाड मात्र सहसा मरत नाही. साग आणि ही बुरशी आशियात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आली आहेत. शिवाय उन्हाळ्यात आपला साग पानेच टाकून देतो. मग बुरशीने राहावे कोठे?

माणसाने साग समुद्रापार नेला. तांबेरा मागाहून गेला. २००३ साली तो पनामा व कोस्टारिकात आढळला, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात, २००९ मध्ये ब्राझीलमध्ये. तेथील लागवडीत पानगळ झाली, पण साग टिकला.

अमेरिकेतील चेस्टनट या वृक्षाचे नशीब एवढे चांगले नव्हते. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ही झाडे वाळताना दिसली. आशियाई चेस्टनटबरोबर आलेली बुरशी सालीत शिरून खोडाला वेढा घाली, की वरचे झाड संपले! आशियाई झाडे तिला सरावलेली होती. अमेरिकन झाडाजवळ प्रतिकारच नव्हता. पन्नासएक वर्षांत तीन-चार अब्ज झाडे गेली, असा अंदाज आहे. जुन्या मुळांना आजही धुमारे फुटतात, पण बहुतेकांना फळ धरण्याआधीच रोग गाठतो.

हे झाड हिमाचा कडाका सरल्यावर फुले, म्हणून दरसाल फळे. अस्वले, खारी, रानटी टर्की त्यांवर जगत. जागा घेणाऱ्या ओकला दरसाल तेवढी फळे येत नाहीत. डोंगरातली गरीब कुटुंबेही फळे वेचून विकीत आणि त्या पैशात पोरांचे जोडे-कपडे घेत. आयुष्य मजुरांत गेलेल्या माझ्यासारख्याला येथे आपला मोह आठवतो. चैत्रात फुले वेचणाऱ्या बाईचे मोह वाळले तर तिने कोणाच्या दारी जावे? भीतीपोटी तेथे धडधाकट झाडेही तोडली गेली. त्यांत रोगाला पुरून उरणारी काही असतील, तर तीही गेली.

अमेरिकेत रोपांच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा १९१२ साली झाला; रोग येऊन तेव्हा निदान आठ वर्षे लोटली होती. आपल्याकडे १९१४ चा कायदा आहे आणि २००३ च्या आदेशाप्रमाणे परदेशी रोपाला परवाना व रोगमुक्तीचा दाखला लागतो. तरी पाहुण्याच्या पिशवीतून हौसेने आलेले एखादे कलम आपल्यापैकी किती जण परत पाठवतील?