खिशातील संगीतयंत्राची निवड

१ जुलै १९७९ रोजी सोनी या कंपनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीस आणला. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या या यंत्रामुळे ध्वनिफितीवरील गाणी चालता-चालता, एकट्याने ऐकणे शक्य झाले. त्याची रचना कारागिराला डोळ्यांनी समजेल अशी होती. मोटार फिरते, तिच्यावरील रबरी पट्टा चाके फिरवतो आणि फीत सरकते. कालांतराने पट्टा सैल पडे, गाण्याची लय मंदावे आणि गायकाचा सूर रडवेला होई. अशा वेळी काही स्क्रू काढून नवा पट्टा चढवला आणि स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले, की यंत्र बहुधा पुन्हा गाऊ लागे.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपल कंपनीने आयपॉड जाहीर केला. त्याच्या ५ गिगाबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये सुमारे एक हजार गाणी मावत. सोय मोठी होती. परंतु त्याच्या आवरणावर एकही स्क्रू दिसत नसे आणि लिथियम बॅटरी आत बंदिस्त होती. तिची शक्ती ओसरली, की बाकी सर्व भाग धडधाकट असूनही यंत्र निकामी ठरे. आयपॉडची निर्मिती २०२२ मध्ये थांबली. तरीही हौशी मंडळी जुन्या आयपॉडमध्ये नवी बॅटरी आणि हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवून ते आजही वापरतात. अर्थात, त्यासाठी सराव असलेला हात लागतो.

मोजक्या पैशांत एकदाच खरेदी करणाऱ्या ग्राहकाने म्हणूनच प्रथम बॅटरीची चौकशी करावी. लिथियम बॅटरी साधारणपणे तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की तिची साठवणक्षमता लक्षणीयरीत्या घटते. ती वापरली नाही तरी जुनी होतच राहते आणि उष्णतेने हा ऱ्हास वाढतो. उन्हात तापणाऱ्या मोटारीत किंवा चुलीजवळच्या फडताळात ठेवलेले यंत्र लवकर थकते, ते यामुळेच. बॅटरी फुगल्याचे दिसल्यास ती टोचू वा दाबू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.

या बाबतीत बाजारातील साधी यंत्रे कधी कधी महागड्या यंत्रांहून सरस ठरतात. रेडिओ, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड चालवणाऱ्या अनेक स्वस्त डब्यांत बीएल-५सी ही नोकियाच्या जुन्या मोबाइलमधील चपटी बॅटरी असते. मागचे झाकण सरकवून ती नखाने काढता येते आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत सहसा मिळते. अशा डबीचा आवाज फार मधुर नसेल. पण तिला जिवंत ठेवणे मालकाच्या हाती असते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रांचेही तसेच आहे.

बॅटरीखालोखाल झीज होते ती हेडफोन आणि चार्जिंगच्या खाचांची. वायर ओढली जाते, खाच हलते आणि सर्किटवरील डाखाला तडा जातो. मग एकाच कानात आवाज येऊ लागतो. खाच डाखून पुन्हा पक्की करणे हे कुशल कारागिराचे नेहमीचे काम आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठा अशा कामासाठी व सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. मात्र कारागिराला यंत्र उघडता आले पाहिजे. आवरण स्क्रूने जोडले आहे की गोंदाने चिकटवले आहे, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

गाणी कोठे साठवली जातात, हाही प्रश्न महत्त्वाचा. मेमरी कार्ड वेगळे काढता येत असेल, तर यंत्र बिघडले तरी संग्रह वाचतो. संगणकाला जोडल्यावर जे यंत्र पेन ड्राइव्हप्रमाणे उघडते, ते अधिक भरवशाचे. काही यंत्रांत गाणी केवळ कंपनीच्या विशिष्ट प्रणालीद्वारेच भरता येतात. कंपनीने ती प्रणाली बंद केली, तर सुस्थितीतील यंत्रातही नवे गाणे घालणे कठीण होते. मोबाइलवर गाणी ऐकता येत असताना वेगळे यंत्र कशाला, असे कोणी विचारील. नेटवर्क नसलेल्या शेतावर काम करणाऱ्याला किंवा फोनची बॅटरी कामासाठी राखून ठेवणाऱ्या वाहनचालकाला त्याचे उत्तर ठाऊक असते.

दुरुस्तीचा विचार आता कायद्यातही शिरत आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विद्युत वस्तूंवर, त्या किती सुलभतेने दुरुस्त होतात याचे गुण छापणे बंधनकारक झाले. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग व हमी यांसंबंधीची माहिती एकत्र देण्याची योजना होती.

जुने यंत्र विकत घेताना ते दुकानातच किमान अर्धा तास वाजवून पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी तेवढ्यात निम्म्यावर आली, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.