शीघ्र हस्तक्षेप, बधिर बालकांसाठी
श्रवणदोष शैशवातच हुडकून, शालेय वयाची वाट न पाहता बालकाच्या भाषाविकासासाठी केलेली उपाययोजना. बधिर अर्भकही प्रारंभी इतरांसारखेच हुंकार देत असल्याने दोष सहसा ध्यानात येत नाही. ‘वडीलही उशिराच बोलले’ असे घरोघर समाधान मानले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (१९९८) सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस आढळली. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत हस्तक्षेप असा दंडक रूढ झाला.

मुंबई उपनगरात वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे २०२१ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी विविध अपंगत्वांचे एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्र सुरू झाले.

श्रवणयंत्र बसविले की काम संपले, किंवा बालवाडीचाच अभ्यास लवकर आरंभावयाचा, हे शिक्षकांतील दोन्ही समज अपुरे होत. यंत्र ध्वनी मोठा करते, अर्थ पुरवीत नाही. अर्थ लाभतो तो न्हाऊ घालताना, भरविताना आईशी होणाऱ्या देवघेवीतून. त्यामुळे येथे शिक्षकाचा पहिला विद्यार्थी पालकच असतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या बहुभाषिक भागांत घरची मराठी वा गुजराती सोडावयास लावणे त्यामुळेच अहितकारक ठरते. वाचा की खुणांची भाषा, हा वाद जुना आहे. तो मिटेपर्यंत बालकाला भाषेविना ठेवणे मात्र सर्वांत घातक. बधिर मातापित्यांची बधिर मुले खुणांची भाषा शैशवातच सहज आत्मसात करतात.