नाणे आणि त्याचे गाव

नाणकसंग्रहात नव्याने दाखल होणाऱ्या वस्तूंकडे दोन दृष्टींनी पाहता येते. पहिली दृष्टी संग्राहकाची. नाणे दुर्मिळ आहे काय, त्याची छाप ठसठशीत आहे काय, कडा अभंग आहेत काय, ह्या प्रश्नांच्या उत्तरांवर त्याची आवड ठरते. दुसरी दृष्टी अभ्यासकाची. नाण्यावरील अक्षरे कोणती, ती कोणत्या भाषेची, आणि नाणे नेमके कोठे, कशाच्या सोबत सापडले, हे तो विचारतो. ह्या दोन दृष्टींत विरोध असलाच पाहिजे असे नाही. परंतु पुष्कळदा असे घडते की, संग्राहकाने बाजूस सारलेले घासलेले, वेडेवाकडे, दोनदा ठोकलेले नाणेच अभ्यासकाला सर्वांत अधिक सांगून जाते. कृष्णेच्या खोऱ्यातील, म्हणजे सातारा-सांगली आणि त्यांच्या लगतच्या कोल्हापूर भागातील नाण्यांच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करता येण्यासारखी आहे.

ह्या प्रदेशाचे प्राचीनत्व नव्याने सिद्ध करावयास नको. कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरील कऱ्हाड हे नगर ‘करहकट’ ह्या नावाने मध्य भारतातील भारहुत येथील स्तूपाच्या दानलेखांत आलेले आहे. महाभारताच्या सभापर्वात ‘करहाटक’ असा त्याचा उल्लेख आहे. कृष्णा तेथून सांगलीकडे वाहत जाते आणि पुढे नरसोबाच्या वाडीजवळ तिला कोल्हापूरची पंचगंगा मिळते. आजच्या तीन जिल्ह्यांच्या सीमा प्रशासनाने आखलेल्या आहेत. जुन्या व्यापाराच्या वाटा आणि नाण्यांचे चलन ह्या सीमा जाणत नव्हते. म्हणून साताऱ्याच्या वा सांगलीच्या संग्रहातील नाण्याचा विचार कोल्हापूरच्या नाण्यांना वगळून करता येत नाही.

कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीचे नाव नाणकशास्त्रात ज्या नाण्यांमुळे प्रसिद्ध झाले, ती ‘कुर’ राजांची नाणी होत. त्यांच्या एका बाजूस बाण लावलेले धनुष्य व सभोवती ब्राह्मी लिपीतील लेख, आणि दुसऱ्या बाजूस पर्वतासारखे वा चैत्यासारखे चिन्ह व वृक्ष, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण आहे. लेख तीन प्रकारचे आढळतात: ‘रञो वासिठीपुतस विळिवायकुरस’, ‘रञो माढरिपुतस सिवलकुरस’ आणि ‘रञो गोतमिपुतस विळिवायकुरस’. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे सुट्या नाण्यांच्या अभ्यासास थरांच्या पुराव्याची जोड मिळाली.

हे लेख भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहेत. ‘रञो’ हे संस्कृत ‘राज्ञः’ चे प्राकृत रूप. ‘पुतस’ म्हणजे ‘पुत्रस्य’. उच्चारातील द्वित्त ब्राह्मी लेखनात दाखविलेले नसल्यामुळे ‘पुत्तस्स’ हे ‘पुतस’ असे लिहिले गेले आहे. मराठीतील ‘रामास’ ह्यासारख्या रूपांतील ‘-स’ प्रत्यय ह्या षष्ठीशी जोडण्याचा विचार काही अभ्यासकांनी मांडला आहे. तो वाद येथे बाजूला ठेवला, तरी राजाची मुद्रा लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत घडविली जात होती एवढे निश्चित. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, लेखाचा पूर्वार्ध सरळ प्राकृत असला तरी ‘विळिवायकुर’ व ‘सिवलकुर’ ह्या नावांतील ‘कुर’ हे पद प्राकृताच्या घडणीत सहज बसत नाही. ते द्राविडी मूळाचे असावे असे मत मांडले गेले आहे. एकाच ओळीत विभक्ती प्राकृताची आणि नाव बहुधा दुसऱ्या भाषाकुलाचे, अशी स्थिती येथे दिसते.

त्या षष्ठीनेच एक ऐतिहासिक वाद निर्माण केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात असा अर्थ लावला की, ‘वासिठीपुत’, ‘गोतमिपुत’ ही मातृनामे सार्वभौम सातवाहन राजांची असून ‘-कुर’ अंती असलेली नावे त्यांच्या प्रांताधिपतींची आहेत. दुसऱ्या मतानुसार दोन्ही पदे एकाच व्यक्तीची आहेत. ‘वासिष्ठीचा पुत्र असा जो विळिवायकुर राजा, त्याचे’ असा सरळ अर्थ घ्यावा. व्याकरणाच्या दृष्टीने समानाधिकरण षष्ठी दुसऱ्या अर्थास अधिक अनुकूल आहे. परंतु केवळ व्याकरणावर हा वाद मिटत नाही, कारण दोन षष्ठ्यांपैकी एक दुसरीवर अवलंबून असणे अशक्य नाही.

येथेच ओबडधोबड नाण्याचे महत्त्व ध्यानात येते. ह्या राजांनी आपल्या पूर्ववर्ती राजाचे नाणे घेऊन त्यावरच आपली मुद्रा पुन्हा ठोकल्याची उदाहरणे आहेत. अशा नाण्यावर दोन लेख एकमेकांत मिसळलेले असतात. वरची अक्षरे खालच्या अक्षरांना अर्धवट झाकतात, धनुष्यावर धनुष्य येते, आणि पाहणाऱ्यास तो निव्वळ गोंधळ वाटतो. तथापि कोणते अक्षर वर आणि कोणते खाली एवढे ओळखता आले, की कालक्रम हाती येतो. सिवलकुराच्या मुद्रेखाली वासिठीपुत विळिवायकुराची मुद्रा आढळते. गोतमिपुत विळिवायकुराच्या मुद्रेखाली पूर्वीच्या दोघांच्याही मुद्रा आढळतात. ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची जी सूची रॅपसन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली, तीत तिघांचा क्रम ह्याच आधारावर लावलेला आहे: प्रथम वासिठीपुत विळिवायकुर, नंतर माढरिपुत सिवलकुर, शेवटी गोतमिपुत विळिवायकुर.

हा क्रम मान्य केला, की व्याकरणातील प्रश्नावरही प्रकाश पडतो. मातृनाम सार्वभौम राजाचे मानल्यास विळिवायकुर नावाचा अधिकारी एका राजाच्या काळी अधिकारावर होता, मध्यंतरी दुसरा आला, आणि तिसऱ्या राजाच्या काळी तोच वा त्याच नावाचा अधिकारी पुन्हा आला, असे म्हणावे लागते. मातृनाम त्या त्या कुर राजाचेच मानल्यास एकाच घराण्यात एक नाव पुन्हा आले एवढेच मानणे पुरते. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे. म्हणजे विभक्तीचा अर्थ ठरविण्यास ज्या पुराव्याची मदत झाली, तो कोणत्याही व्याकरणात नव्हता. तो दोनदा ठोकलेल्या धातूच्या एका तुकड्यावर होता. सुबक व स्वच्छ नाण्यांचाच संग्रह केला असता, तर तो हाती आलाच नसता.

ह्या नाण्यांस बाह्य पुराव्याचीही पुष्टी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने ‘हिप्पोकुरा’ ही ‘बालेओकुरोस’ याची राजधानी म्हणून सांगितली आहे, आणि पैठण ही ‘सिरोप्तोलेमायोस’ याची. दुसरे नाव ‘सिरि पुळुमावि’ चे ग्रीक रूप आहे आणि पहिले ‘विळिवायकुरा’ चे, हे सामान्यतः स्वीकारले गेले आहे. ग्रीक कानांनी ऐकलेले आणि ब्राह्मी अक्षरांत कोरलेले एकच नाव असे समोरासमोर यावे, ही ध्वनींच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास क्वचित मिळणारी संधी आहे.

ज्या पुळुमावीचे नाव टॉलेमीने दिले, त्याची राजमुखाकृती असलेली द्विभाषिक रौप्य नाणीही आता ज्ञात आहेत. त्यांच्या एका बाजूवर ‘रञो वासिठीपुतस सिरि पुळुमाविस’ असा प्राकृत लेख आहे. दुसऱ्या बाजूवरील लेखात ‘राजा’ ऐवजी ‘अरहण’, ‘पुत्र’ ऐवजी ‘माकण’, ‘सिरि’ ऐवजी ‘तिरु’ आणि षष्ठीच्या जागी ‘-कु’ असा प्रत्यय वाचला जातो. ही भाषा द्राविडी वळणाची आहे यात शंका नाही; ती तमिळ म्हणावी की दक्षिणेतील दुसरी एखादी प्राचीन बोली, याविषयी मतभेद आहेत. यज्ञ सातकर्णीच्या अशाच नाण्यावर मात्र ‘पुत’ हा शब्द कायम राहून ‘सिरि’ चे ‘हिरु’ आणि ‘सातकणि’ चे ‘हातकणि’ झालेले दिसते. त्याचे एक नाणे १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपात भगवानलाल इंद्रजी यांना मिळाले होते. एकट्या नाण्यावरून ह्या बाजूचा लेख उलगडणे कठीण होते. अधिक प्रती उपलब्ध होत गेल्या, तसे एका प्रतीत तुटलेले अक्षर दुसऱ्या प्रतीत मिळत गेले. संग्रहातील नव्या भरीचे खरे मोल असे असते. ज्ञात प्रकाराचेच आणखी एक नाणे आले म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही.

परंतु नाण्याचा लेख वाचता आला, तरी त्याचे सापडण्याचे ठिकाण गेले तर अर्धा पुरावा जातो. उत्तर महाराष्ट्रातील एक उदाहरण याबाबतीत बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,२५० हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला हे अनुमान ह्या साठ्यामुळे दृढ झाले. हा साठा मोजण्यापूर्वीच फुटून शंभर दुकानांत गेला असता, तर प्रत्येक नाणे वाचता आले असते. परंतु पुनर्मुद्रित व अपुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण, आणि त्या प्रमाणाचा अर्थ, कायमचा नाहीसा झाला असता.

कृष्णाकाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुर राजांची नाणी साधी, हलक्या धातूची. शिसे मऊ असल्यामुळे त्यावरील अक्षरे लवकर झिजतात. अशा नाण्यास मोडीत किंमत येत नाही, आणि म्हणून नांगरटीत वा नदीकाठची माती काढताना ते वर आले तर कोणी जपून ठेवीलच असे नाही. परंतु त्या राजांची सत्ता उत्तरेस कोठवर होती, हे ठरविण्यास अन्य साधने फार थोडी आहेत. पाटण, कऱ्हाड, शिराळा, वाळवे ह्या तालुक्यांतील एखाद्या गावचे असे एकच नाणे, त्या गावाच्या नावासह नोंदले गेले, तर त्याचे महत्त्व बाजारातून आलेल्या वीस सुंदर नाण्यांहून अधिक ठरेल. अर्थात, एकटे नाणे व्यापाऱ्याच्या कमरेलाही प्रवास करते; म्हणून एका नाण्यावरून राज्याची सीमा आखता येत नाही. परंतु अशा नोंदी वाढत जातील, तसे चित्र स्पष्ट होईल.

पुढील काळाचेही उदाहरण घेता येईल. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याच्या रौप्य नाण्यांवर नंदी आणि ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’ असा संस्कृत लेख आहे. ही नाणी दक्षिणेस सातारा जिल्ह्यापर्यंत सापडलेली आहेत. आणि ‘कृष्णराजरूपक’ हे त्यांचे नाव इ. स. ७१० च्या सुमाराच्या, भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटात आढळते. राजा गेल्यावर दीडशे वर्षांनीही त्याचे नाव व्यवहारात चलनाचे नाव म्हणून टिकून होते. प्राकृत षष्ठीच्या जागी संस्कृत बिरुदे आली, हा बदल भाषेच्या प्रतिष्ठेतील बदल आहे; आणि तो किती दूरवर पोहोचला हे केवळ सापडण्याच्या जागाच सांगू शकतात.

शेवटी शिवराईचा विचार करणे योग्य होईल. कारण सातारा-सांगली भागात घरोघरच्या देव्हाऱ्यांतून सर्वांत अधिक आढळणारे जुने नाणे तेच आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ हे लेख परिचित असल्यामुळे पुष्कळदा शिवराई ‘वाचली’ जात नाही, ओळखली जाते. तिच्यावर ‘शिव’ च्या जागी ‘सिव’, ‘छत्रपति’ च्या जागी ‘छत्रपती’ अशी रूपे आढळतात. ही नाणी छत्रपतींच्या पश्चातही दीर्घकाळ निरनिराळ्या टांकसाळींत पाडली जात होती. म्हणून ‘शिव’ की ‘सिव’, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, अक्षराचे वळण कसे, हे भेद टांकसाळीचे व काळाचे निदर्शक ठरू शकतात. नोंद करणाऱ्याने शुद्धलेखनाच्या सवयीने ‘सिव’ चे ‘शिव’ केले, तर पुरावा त्याच्याच लेखणीने नष्ट होतो.

ह्यावरून नव्या नाण्याची नोंद कशी असावी हे ठरते. प्रथम गाव, शिवार, आणि सापडण्याची परिस्थिती. सोबत भांडे, विटा, खापरे वा इतर नाणी होती काय. नंतर धातू, वजन, व्यास. दोन्ही बाजूंची छायाचित्रे. आणि लेख जसा दिसतो तसा, अक्षर न अक्षर. तुटलेले अक्षर कंसात द्यावे, तर्काने भरलेले तसे सांगावे. चिंचेने वा अम्लाने घासून नाणे ‘उजळणे’ टाळावे. त्यात पुटाबरोबर झिजलेली अक्षरेही जातात. दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातलेले आहे. त्याचा अभ्यासाच्या दृष्टीने लाभ असा की, साठा मोजला जाईपर्यंत एकत्र राहू शकतो.

विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेक जण ह्याच खेड्यांतून येतात. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातील, आजीच्या पेटीतील, शेताच्या बांधावर मिळालेले नाणे विकत घ्यावे लागत नाही. त्याची नोंद मात्र गाव सांगणारी माणसे आहेत तोवरच करता येते. नाणे आणखी काही शतके टिकेल. ते कोणत्या शेतात सापडले, ही आठवण एका पिढीपलीकडे टिकत नाही.