नाक्यावरचा कायदा

सण तोंडावर आला की भिवंडीत पोलिसांचा रूट मार्च निघतो. वंजारपट्टी नाका, मंडई, कोटरगेट. पुढे साहेब लोक, मागे लाठ्या आणि ढाली घेतलेले शिपाई, त्यांच्यामागे निळ्या ठिपक्यांच्या गणवेशातले जवान. दुकानदार गल्ल्यावरून मान उंच करून बघतात. गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट मात्र थांबत नाही. मार्च पुढे सरकला की चहाच्या टपरीवर कायद्याचा वर्ग भरतो. ‘मिलिटरी आणलीय.’ ‘आधी हवेत गोळी झाडावीच लागते.’ ‘कर्फ्यूत दिसला की उडवायचा हुकूम असतो.’ ‘वर्दीवाल्याला कोण विचारतो?’ आणि सगळ्यांत लाडके वाक्य: ‘एकदाच नीट चोप दिला असता तर हे गाव केव्हाच सरळ झाले असते.’

या शेवटच्या वाक्याची भिवंडीने पुरेपूर परीक्षा पाहिली आहे, म्हणून ते शेवटी घेऊ.

निळे जवान मिलिटरीचे नाहीत. ते रॅपिड अॅक्शन फोर्सचे, म्हणजे द्रुत कृती दलाचे. हे दल केंद्रीय राखीव पोलीस दलाचा भाग आहे आणि ७ ऑक्टोबर १९९२ रोजी ते दंगल आवरण्यासाठीच उभे केले गेले. भिवंडीला जवळची त्यांची तुकडी तळोज्याची, १०२ क्रमांकाची बटालियन. खाकीतले सशस्त्र जवान दिसतात ते बहुधा राज्य राखीव पोलीस दलाचे, ज्याला आपण एसआरपी म्हणतो. ते दल १९४८ पासून आहे. लष्कर ही तिसरीच गोष्ट. भिवंडीने खरे लष्करही पाहिले आहे, मे १९८४ मध्ये. पण लष्कर आले म्हणून राज्य लष्कराचे होत नाही. जमाव पोलिसांना आवरेना, तर जिल्हादंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी लष्कराची मदत मागतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. कमीत कमी बळ वापरायचे आणि कमीत कमी हानी करायची, हे त्याच कलमात सैनिकी अधिकाऱ्यालाही बजावलेले आहे.

‘पोलिसांचे लष्करीकरण’ हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत फार दिसतो आणि तो अमेरिकेहून आलेला रोग आहे असे वाचणाऱ्याला वाटते. अमेरिकेची गोष्ट खरी आहे. तिथल्या संरक्षण खात्याकडचे वापरून झालेले सामान, अगदी चिलखती गाड्यांसह, गावोगावच्या पोलिसांना मिळत गेले आणि २०१४ मध्ये तिथल्या फर्ग्युसन शहराच्या रस्त्यावर ते जगाने पाहिले. आपली वाट मात्र उलटी आहे. आपले पोलीस जन्मालाच निमलष्करी बाण्याने आले. १८५७ चा दणका बसल्यावर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्यांच्यासमोर नमुना होता तो लंडनच्या निःशस्त्र शिपायाचा नव्हे, तर आयर्लंडच्या सशस्त्र कॉन्स्टॅब्युलरीचा. रयतेवर वचक ठेवणारी, बराकीत राहणारी, कवायत करणारी फौज. स्वातंत्र्यानंतर गणवेशावरचा राजमुकुट गेला, बराक राहिली. त्यामुळे मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने फोर्स वन उभारले किंवा गडचिरोलीत १९९० पासून सी-६० पथक काम करते, यात मला वावगे वाटत नाही. बंदूकधारी दहशतवाद्यापुढे किंवा जंगलातल्या नक्षलवादी दलमापुढे लाठी घेऊन कोणी जाऊ नये. प्रश्न येतो तो त्या मनोवृत्तीने मोर्चासमोर उभे राहिल्यावर.

अश्रुधुराबद्दलही एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याची नळकांडी फुटली की लोक म्हणतात, युद्ध सुरू झाले. प्रत्यक्षात रासायनिक शस्त्रांवरील १९९३ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार युद्धात अश्रुधूर वापरायला बंदी आहे, आणि देशांतर्गत पोलिसांना मुभा आहे. शत्रूवर नको, नागरिकांवर चालेल! कारण समजून घेण्यासारखे आहे. युद्धात धूर दिसला की समोरचा त्याला विषारी वायू समजून त्याच भाषेत उत्तर देईल, ही भीती होती. तरी वाक्य ऐकायला चमत्कारिकच.

आता हवेतली गोळी. ‘आधी हवेत’ ही समजूत इतकी पक्की आहे की गोळीबारानंतरच्या प्रत्येक वादात कोणीतरी ती काढतोच. पोलिसांना शिकवतात ते वेगळे. आधी जमाव बेकायदा असल्याचे जाहीर करा, पांगायला सांगा, पांगायला वाट आणि वेळ द्या. मग पाणी, अश्रुधूर, लाठी. गोळीची वेळ आलीच, तर तिची स्वतंत्र आणि स्पष्ट ताकीद द्या. मग मोजक्या गोळ्या, नेम खाली, जमावातल्या सर्वांत आक्रमक भागाकडे, आणि जमाव मागे फिरताक्षणी थांबा. डोक्यावरून किंवा हवेत झाडू नका, असे पोलिसांच्या नियमावल्या सांगतात. कारण साधे आहे. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. भिवंडीसारख्या चाळीला चाळ चिकटलेल्या गावात हवेत झाडलेली गोळी दगड मारणाऱ्याला लागत नाही, तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला लागते. शिवाय आवाज झाला आणि कोणी पडले नाही, की जमावाला वाटते काडतुसे खोटी आहेत.

पांगण्याचा हुकूम कोणी द्यायचा, यावरही कायदा स्पष्ट आहे: कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, किंवा तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. नव्या संहितेतले कलम १४८, जुने १२९. साध्या शिपायाने घाबरून स्वतःच बार काढावा, अशी सोय कायद्याने ठेवलेली नाही. जिवावर बेतले तर प्रत्येक नागरिकाला असलेला स्वसंरक्षणाचा हक्क त्यालाही आहे. तो नागरिकाइतकाच, त्याहून मोठा नाही.

लाठी तरी निर्धोक, असे म्हणणाऱ्यांनी नागपूर आठवावे. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना निघालेला गोवारींचा मोर्चा, पोलिसांशी झालेली रेटारेटी, लाठीमार, आणि चेंगराचेंगरीत मेलेली ११४ माणसे, त्यांत बायका आणि मुले फार. गोळी एकही लागलेली नव्हती.

‘दिसताक्षणी गोळ्या घाला’ हा आदेश मथळ्यांत शोभतो. कायद्यात त्या शब्दांचे कलम नाही. संचारबंदी मोडणे हा गुन्हा आहे, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीला अटक करताना ठार मारण्याचा हक्क पोलिसांना नाही, हे जुन्या संहितेत कलम ४६ मध्ये होते, नव्यात ४३ मध्ये आहे. दूध आणायला निघालेल्या पोराला गोळी घालून संचारबंदीचा आधार देता येत नाही. ज्याला आपण अजून ‘१४४’ म्हणतो ते कलम आता १६३ झाले आहे. ठाणे पोलिसांच्या ‘कलम ३७’ च्या नोटिसा वेगळ्या, त्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालच्या. दोन्ही मनाई करतात. गोळीबाराचा परवाना दोन्ही देत नाहीत.

एन्काउंटरचेही तेच. मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे, हे प्रकरण पीयूसीएल या संघटनेने न्यायालयात नेले. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा कलमी नियम घालून दिले: चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी करा, लगेच बक्षिसे आणि बढत्या देऊ नका. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या लहान मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. गाडी ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत, आपल्या शेजारीच. काहींनी मिठाई वाटली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूची जबाबदारी पाच पोलिसांवर टाकली. आरोप कितीही किळसवाणा असो, खटला चालायचा राहिला. त्या लहान मुलींच्या आईबापांनाही निकाल मिळाला नाही, हे मिठाई वाटणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मग वर्दीवाल्याला कोण विचारतो? विचारता येते, पण वाट खडतर आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल खटला भरायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. तरीही घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचे उदाहरण आहे. ११ जुलै १९९७ ला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झालेली पाहून लोक रस्त्यावर आले आणि एसआरपीच्या गोळीबारात दहा जण गेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते, असा पोलिसांचा बचाव. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये, बारा वर्षांनी, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. म्हणजे विचारणारे आहेत. उत्तर मिळायला पिढी जाते.

आता ते ‘नीट चोप’.

७ मे १९७०. शिवजयंतीची मिरवणूक, दंगल, आणि मग मादन आयोग. न्यायमूर्ती मादन यांनी केलेली सर्वांत बोचरी टीका दंगलीत किती बळ वापरले यावर नव्हती. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या विशेष पोलीस पथकाने धर्म पाहून माणसे गोवली आणि माणसे सोडली, यावर होती. चोप कमी पडला होता असे नाही, तो एका बाजूलाच पडत होता. चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, पुन्हा तेच. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेवर माणसे गेली, लष्कर आणावे लागले. बळाने शहर सरळ होणार असते, तर ते १९७० नंतरच व्हायला हवे होते.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी बंदुका वाढवल्या नाहीत, मोहल्ला समित्या काढल्या. समितीत पुढाऱ्यांना लांब ठेवले आणि त्या गल्लीतली दोन्ही धर्मांची साधी माणसे घेतली. त्यांच्यासोबत त्याच भागात ड्युटी असलेला पोलीस. बैठकीत दंगलीवर भाषणे व्हायची नाहीत. नळाचे पाणी, उघडे गटार, नवरा-बायकोचे भांडण असले विषय निघायचे. वरवर बघता पोरखेळ. पण त्या पोलिसाला कोणाचा मुलगा काय उद्योग करतो हे कळू लागले, आणि अफवा आली की ती आधी त्याच्या कानावर येऊ लागली. मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात बसून हे कळत नाही, निळ्या गणवेशातल्या पाहुण्या जवानाला तर नाहीच. त्याला गल्ली कुठे संपते हेही ठाऊक नसते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, त्यांतली ३५६ पोलिसांच्या गोळ्यांनी. भोसकून मेले ३४७. म्हणजे मृत्यूच्या कारणांत पोलिसांची गोळी पहिल्या क्रमांकावर. दंगलीचा पाळणा म्हणून बदनाम झालेली भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली. खोपडे तोवर बदलून गेले होते, समित्या जाग्यावर होत्या. असे का घडले यावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. मुंबईनेही नंतर मोहल्ला समित्या सुरू केल्या. हे एकट्या समित्यांचे यश, असे मी म्हणणार नाही. बंद कारखान्याचा तोटा दोन्ही धर्मांच्या मालकांना आणि कामगारांना माहीत होता. पण चोपाचे यश तर ते खासच नव्हते.

त्यानंतर भिवंडी कायमची शहाणी झाली, हाही एक गैरसमजच. ५ जुलै २००६ ला कोटरगेटजवळ जमाव जमला, दगड आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोन नागरिक मेले. काही तासांत जमावाने दोन पोलीस शिपायांना मारून जाळले. त्या शिपायांनी कोणावर गोळी झाडली होती की नाही, हे मारणाऱ्यांनी विचारले नाही. वाद कब्रस्तानाला लागून असलेल्या एका जागेचा होता. तिथे जी इमारत बांधायला घेतली होती, ती पोलीस ठाण्याची होती.