इंदूरची अग्निशमन व्यवस्था : येत्या वर्षातील कामे व अडचणी

आगीची वर्दी मिळाल्यापासून बंब घटनास्थळी पोहोचण्यास शहरात पाच ते सात मिनिटांहून व ग्रामीण भागात वीस मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, असा दंडक आपल्या देशात मानला जातो. इंदूर शहरात तो पाळणे किती कठीण आहे, हे राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतून एकदा पायी फिरून आलेल्या मनुष्यास निराळे सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीत साडेएकोणीस लाखांहून अधिक लोकवस्ती नोंदली गेली. त्यानंतर शहर चहूकडे पसरले. जुन्या भागातील रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

या शहराला आग नवी नाही. होळकरांचा राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी, अशी त्याची बांधणी. त्यामुळे आग वर चढली की ती आवरणे दुष्कर होई. त्याच परिसरात राणीपुरा येथे एप्रिल २०१७ मध्ये फटाक्यांच्या दुकानांना आग लागून प्राणहानी झाली. भर बाजारात स्फोटक माल आणि त्यास लागूनच राहती घरे, हा प्रकार अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळतो. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने व रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, ही इंदूरची कौतुकाची गोष्ट खरी. परंतु जेथे गर्दी, तापलेले तेल व गॅसची सिलिंडरे एकत्र येतात, तेथे एका बाजूने तरी बंबास वाट मोकळी ठेवणे अत्यावश्यक आहे.

तथापि सर्वांत विचार करावयास लावणारी घटना स्वर्णबाग वसाहतीतील होय. ७ मे २०२२ रोजी पहाटे एका माणसाने इमारतीच्या तळाशी उभ्या असलेल्या स्कूटरला आग लावली आणि तीत सात जणांना प्राण गमवावे लागले. ही इमारत काही उत्तुंग नव्हती. आपले नियम प्रामुख्याने पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतींकडे लक्ष देतात. ज्या लहान इमारतींत तळाशी वाहने, त्यांच्याजवळच विजेचे मीटर आणि वर जाण्यास एकच जिना असतो, त्यांची तपासणी सहसा होत नाही. अशा ठिकाणी खाली आग लागताच जिना धुराड्याचे काम करतो. गरम धूर काही क्षणांत वरच्या मजल्यापर्यंत जातो व सुटकेची वाट तीच मृत्यूची वाट ठरते. आगीत दगावणाऱ्यांपैकी अनेक जण ज्वाळांनी नव्हे, तर धुरात गुदमरून दगावतात. म्हणून मीटर जिन्यापासून दूर बसविणे, गच्चीचे दार आतून सहज उघडेल असे ठेवणे आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या रात्री जिन्याखाली भारित न करणे, ही कामे नव्या बंबाच्या खरेदीइतकीच महत्त्वाची आहेत. येत्या वर्षात अशा इमारतींची प्रभागवार पाहणी हाती घेतली गेली, तर तिचा उपयोग कोणत्याही उंच शिडीपेक्षा अधिक होईल, असे आमचे मत आहे.

व्यवस्थेची अडचण वेगळीच आहे. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे सोपविण्याजोग्या विषयांत गणली गेली. इंदूरात मात्र हे दल दीर्घकाळ पोलीस खात्याच्या आधिपत्याखाली चालत आले. बांधकामाची परवानगी, पाण्याचे टँकर व रस्त्यांवरील अतिक्रमणे हटविण्याचे अधिकार मात्र महानगरपालिकेकडे. आग लागल्यावर दोन्हींकडील माणसे धावून येतात, यात शंका नाही. परंतु आग लागण्यापूर्वीची जबाबदारी कोणाची, हे कागदोपत्री स्पष्ट असणे अगत्याचे आहे. द्रव्यबळाच्या दृष्टीने सांगावयाचे तर पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र शासनाने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू केली असून, तीत बहुतेक राज्यांनी पंचवीस टक्के वाटा उचलावयाचा आहे.

पाण्याचा प्रश्नही आहेच. १९७८ पासून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूद येथून शहरास मिळते. पण नळास चोवीस तास दाब असतो असे नाही. बंबाची टाकी काही मिनिटांत रिकामी होते. त्याकरिता बाजारपेठांच्या जवळ भरलेल्या टाक्या व चालू स्थितीतील हायड्रंट हवेत.

देपालपूर, सांवेर, महू या तालुक्यांतील शेतकऱ्यांची अडचण याहून निराळी आहे. मार्च-एप्रिलमध्ये गहू वाळून उभा असतो, उन्हाचा व वाऱ्याचा जोर वाढतो आणि विजेच्या तारांची एखादी ठिणगी शेताची राख करते. मालव्यात ज्यास नरवाई म्हणतात ती धसकटे जाळण्यास शासनाची मनाई आहे. तरीही ती जाळली जातात व शेजाऱ्याचे उभे पीक जाते. बंब येईपर्यंतची वीस मिनिटे गावानेच निभावून न्यावयाची असतात. खळ्याभोवती व शेताच्या कडेने नांगरलेला पट्टा ठेवावा. पाण्याने भरलेला टँकर व फवारणीचे पंप हंगामात हाताशी असावेत. तारांखाली गंजी रचू नये.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह नेमका याच दिवसांत येतो. शिक्षकांनी त्या आठवड्यात मुलांकडून वर्दी देण्याचा सराव करून घ्यावा. १०१ अथवा ११२ या क्रमांकावर प्रथम ठिकाण व जवळची खूण, मग काय जळत आहे, आत कोणी अडकले आहे काय, आणि शेवटी बंब कोणत्या बाजूने आत येऊ शकेल, या क्रमाने माहिती सांगावी व समोरच्याने फोन ठेवण्यापूर्वी आपण ठेवू नये.